ठोका पडेपर्यंत

३ मार्च, गुरुवार

बाकडं गेलं. दुपारपाळीला सळयांच्या मिलमध्ये शिरलो तर रोलांच्या मागची जागा मोकळी, फरशीवर बाकड्याच्या पायांचे डाग तेवढे. नव्या मॅनेजरसाहेबांनी उचलून स्टोअरमध्ये टाकायला लावलं. म्हणे, बाकडं आहे म्हणून लोक बसतात. वा रे हुशारी! उद्या आमच्या घरचे पलंग न्या, ते आहेत म्हणून आम्ही झोपतो.

ते बाकडं मिलमधून पहिल्यांदा वाकड्या निघालेल्या सळयांचं आहे. लतीफचाचा आणि त्यांच्या जोडीदारांनी स्वतः वेल्डिंग करून बनवलेलं. मी तेव्हा मिलमध्ये आलोही नव्हतो.

पण बाकडं हे निमित्त. खरी गोष्ट नोटीस बोर्डावर. एप्रिलपासून रोलवरची बदली बंद. आजवर अर्धा तास चिमट्याने लाल सळई धरून तिला लाटून बारीक करणाऱ्या पुढच्या रोलात घालायची, अर्धा तास बाकड्यावर बसायचं, तोवर जोडीदार उभा. आता आख्खी पाळी एकाच माणसाने ओढायची, जेवणाची सुट्टी तेवढी मध्ये. एप्रिल-मे मध्ये! पत्र्याखाली! साहेब स्वतः टाय लावून भट्टीपर्यंत येतात आणि रुमालाने मान पुसत लगेच मागे फिरतात. त्यांचं नाव आजपासून टाय.

४ मार्च, शुक्रवार

सुट्टी. शुक्रवारी कारखान्यांच्या वसाहतीत लाइट नसते, म्हणून आमचा रविवार शुक्रवारी. सकाळपासून कुसुमच्या मागे बदलीचं पुराण लावलं. तिने मेथी निवडता निवडता ऐकलं आणि म्हणाली, "तुमचं राह्यलं किती? मे संपला की घरी. गप काढा की तेवढं."

खरं आहे. शाळेत मास्तरांनी जन्मतारीख एक जून लावली, त्या हिशोबाने ३१ मे माझा शेवटचा दिवस. (खरी तारीख आईलाही माहीत नव्हती. "जवारी काढायला आलती" एवढंच सांगायची.)

पण गप कसं काढू? मी लागलो तेव्हा बदली होती. दुसऱ्या कुणी भांडून मिळवलेली, मला आयती मिळाली. तिच्या जिवावर ह्या वयातही चिमटा धरतोय. आणि जाताना मागच्यांच्या हातात काय ठेवायचं, मोकळी फरशी? नाही पटत. ३१ मेच्या आत बाकडं जाग्यावर आणि बदली चालू. लिहून ठेवतो.

कुसुमने वाचलं. "वहीत लिवल्यानं बाकडं चालत येतंय व्हय?"

६ मार्च, रविवार

पाळीच्या आधी शहागंजात लतीफचाचांकडे. युनियन ह्यांनीच काढली. ऐकू कमी येतं आता, पण राग ताजा. बाकड्याचं सांगितलं तर काठी आपटली. "बदली काय को होना, मेरे पाँव से पूछ बोल उस टायवाले कू!" पायजमा वर करून पोटरीवरचा भाजल्याचा डाग दाखवला. कितीदा बघितलाय. तरी बघितला.

गोष्टही परत ऐकली. पोलीस ॲक्शननंतर त्यांच्या वडलांची निजामाकडची नोकरी गेली, पोरं मिळेल त्या कामाला लागली. चाचा लोखंडात आले. मिल नवी होती तेव्हा तहान लागली की माणूस चिमटा ठेवून माठाकडे जायचा. असाच एक जण गेला. सळई रोलातून सणसणत आली, धरायला कुणी नाही, ती सरळ चाचांच्या पायावर. त्या दिवशी चिमटेवाल्यांनी ठरवलं. बदलीवाला मागे येऊन उभा राहील, शेजारच्या लोखंडी पट्ट्यावर चिमट्याचा एक ठोका मारील, मगच पुढच्याने जागा सोडायची. मशिनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, ठोका येतो. ठोका नाही तर जागा सोडायची नाही, घशाला कोरड पडली तरी. आणि ठोका मारायला माणूस पाहिजे, म्हणून बदलीचा माणूस पाहिजे. युनियनची पहिली मागणी ही. पगारवाढ मागाहून.

मालकाच्या वडलांनी तेव्हा भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, 'बदलीचा ठोका मिळाल्याशिवाय जागा सोडू नये.' धुराने काळं झालंय, पण वाचता येतं.

निघताना चाचांनी विचारलं, "वो भिंत पे का बोर्ड तो नै मिटाया ना?"

नाही मिटवला.

"फिर क्या फिकर," म्हणाले आणि चहा मागवला.

७ मार्च, सोमवार

पाळीभर भिंतीकडे बघत होतो. संध्याकाळी डोक्यात उजेड पडला. चाचा ह्या वयातही आमच्या सगळ्यांच्या पुढे आहेत!

१५ मार्च, मंगळवार

सकाळी युनियनच्या खोलीवर मीटिंग. जगन्नाथराव, आमचे सेक्रेटरी. माणूस गंगापूरकडचा, घरचा ऊस, बोलणं उसासारखंच लांब. मी भिंतीवरच्या बोर्डाची गोष्ट सांगितली. ज.रावांनी डोळे मिटून ऐकली आणि उघडल्यावर ती त्यांचीच झाली.

"मंडळी! आपन संप करायचाच नाय. काम सोडायचं नाय. जागासुद्धा सोडायची नाय! दुपारी तीनला पाळी बदलती. दुपारपाळीवाले आपापल्या माणसाच्या मागं जाऊन उभे राहतील, चिमटा हातात, पन ठोका मारनार नाय. सकाळपाळीवाले ठोक्याची वाट बघत जाग्यावरच. कंपनीनंच लिवलंय भिंतीवर! वाचा म्हनावं."

टाळ्या. मीही वाजवल्या. आपलीच कल्पना दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना बरी वाटते.

एक प्रश्न राहिला. रोलवरची निम्मी माणसं कंत्राटी, बरीचशी पाचोडकडची. ती युनियनमध्ये नाहीत. विचारलं, त्यांचं काय? ज.राव: "आपन थांबलो की ते थांबतील. त्यांना काय विचारायचं?"

आमच्याकडे कायम माणूस कंत्राटी माणसाला ठोका देत नाही. त्यांची बदली त्यांच्यात्यांच्यात, आणि ठेकेदाराने माणूस कमी पाठवला तर तीही नाही. बाकड्यावरही ते बसत नाहीत, भिंतीशी उकिडवे बसतात. ही रीत कुणी पाडली कुणास ठाऊक.

२ एप्रिल, शनिवार

बदलीशिवाय पहिली पाळी काल येणार होती, पण काल शुक्रवार. म्हणजे एक एप्रिलला टायला आम्हाला फसवता आलं नाही, आज फसवलं.

३ एप्रिल, रविवार

कालचं. पाळी सुटल्यावर चिमटा ठेवला तरी बोटं चिमट्याच्या आकारातच राहिली. घरी कुसुमने कोमट पाण्यात धरून एकेक बोट सरळ केलं. गप काढा हे आता म्हणत नाही, हे मी पाहिलं.

दुसऱ्या रोलवर खंडू आहे, कंत्राटी. पाचोडजवळचा, घरची मेंढरं, थोरला भाऊ अजून मेंढरांमागे. हाडापेराने मजबूत पोरगा. काल त्याने सगळी पाळी दातात पंच्याचं टोक धरून काढली.

ज.रावांचा निरोप: मंगळवारी.

६ एप्रिल, बुधवार

कसं लिहू? लिहितोच. माझ्या वहीत मी तोंड लपवणार नाही.

काल तीनला आम्ही दुपारपाळीवाले ठरल्याप्रमाणे आत गेलो. प्रत्येक जण आपापल्या माणसाच्या मागे. चिमटे हातात, ठोका नाही. सकाळपाळीवाले हलेनात. टाय आले, घड्याळ बघितलं, आम्हाला बघितलं. ज.रावांनी बोट वर करून भिंत दाखवली. टायचं तोंड बघण्यासारखं! भट्टीवाल्यांना म्हणाले, माल चालू ठेवा, बघू किती वेळ उभे राहतात. सळया येत राहिल्या. सकाळपासून राबलेली माणसंच त्या धरत होती, आम्ही ताजेतवाने मागे उभे. थकलेल्यांना जादा वेळेचा दुप्पट पगार चढतोय आणि आम्हालाही चालू. टायचा जीव खालीवर. जिंकत होतो हो आम्ही!

मी पहिल्या रोलच्या मागे. शेजारी दुसऱ्या रोलवर खंडू, ठेकेदाराने ह्या आठवड्यात त्याला सकाळपाळीत टाकलेला. त्याच्या मागे कुणीच नाही, कारण ठेकेदाराने त्याचा बदलीवाला पाठवलाच नव्हता. पंचा कोरडा पडलेला. एक सळई धरली, दुसरी धरली, तिसरीला त्याचा गुडघा किंचित वाकला.

आणि माझ्या हाताने ठोका मारला.

मी नाही मारला. हाताने मारला. इतक्या वर्षांची सवय, समोरच्याचा गुडघा वाकला की हात उठतो. खण्ण! खंडूने वळून माझ्याकडे असं बघितलं की जन्मात विसरणार नाही. मी पुढे झालो, सळई धरली, तो मागे सरला.

पुढचं सांगायला नको. आमच्याकडे एक ठोका पडला की ओळीने सगळे पडतात, हीही सवयच. खण खण खण, शेवटच्या रोलपर्यंत. डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळी पाळी बदलली. सकाळपाळीवाले चिमटे खांद्यावर टाकून निघालेसुद्धा. दाराशी गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आंदोलन चालू होतं!

टाय खो खो हसले. माझ्यासाठी ऑफिसातून कपबशीत चहा पाठवला. आख्ख्या मिलसमोर. तो चहा मी भट्टीच्या राखेत ओतला, पण कप तर आलाच होता ना.

ज.राव माझ्याशी बोलले नाहीत. एरवी ते न बोलले तर मला बरं वाटतं.

७ एप्रिल, गुरुवार

माझं नाव पडलं: ठोकेसाहेब. मुतारीच्या भिंतीवर कोळशाने लिहिलंय. चहाच्या टपरीवाला पण म्हणतो, "या ठोकेसाहेब." इतक्या वर्षांची इज्जत एका आवाजात गेली. रागाने अंगाची लाही होते, आणि राग करायचा तरी कुणावर? उजव्या हातावर?

कुसुमला सगळं सांगितलं. हसेल वाटलं. ती म्हणाली, "त्या पोराचा गुडघा वाकला व्हता ना? मग." आणि पोळ्या करायला लागली.

८ एप्रिल, शुक्रवार

सुट्टी. पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत सकाळीच सायकलींची रांग. वाटलं, कुणाकडे लग्न आहे. सगळ्या आमच्याच दाराशी थांबल्या. खंडू पुढे, मागे कंत्राटी माणसं, ओटा भरला, पायऱ्या भरल्या. घरात बसा म्हटलं तर बसेनात.

खंडूनेच विषय काढला. "नाना, मंगळवारचा ठोका मला व्हता का?"

"तुलाच."

"चुकून?"

खोटं कशाला बोलू? म्हटलं, "चुकूनच रे. हात पडला."

तो खाली बघून हसला. "तेच तर. ठरवून दिला असता तर म्हनलो असतो, ह्यांचं काय तरी काम आसंल आपल्याशी. चुकून दिला म्हंजी तुमच्या हाताला मी तुमचाच वाटलो." मग मागच्यांकडे वळून, "काय रे, खरं का नाय?"

"व्हय, व्हय," सगळे.

"मला आजवर कायम मानसानं ठोका दिलेला नाय नाना. आमी कुनीच पाह्यलेला नाय. आता परत करा तुमचं ते उभं राह्यचं. ह्या बारीला आमी पन हाव. भट्टीवर माल ढकलनारे बी आमचेच हायेत. पन आमचं नाव युनियनमदी लिवा. आन बदली आली तर आमाला बी आली पायजे."

माझे डोळे भरून आले, सरळ सांगतो. आत जाऊन तोंड धुतलं. तोवर कुसुमने सगळ्यांना चहा केला. घरातले कप संपले, मग वाट्या, मग शेजारणीचे पेले. दोनदा दूध आणायला मीच गेलो, ठोकेसाहेब!

तिथून सायकलवर ज.रावांकडे. ऐकून म्हणाले: "नाना, तुमी चुकून पन कामाचंच करता." मनाने मोठा माणूस आहे, फक्त तोंड मध्ये येतं.

१० एप्रिल, रविवार

ज.रावांना घेऊन लतीफचाचांना सांगून आलो. हसता हसता ठसका लागला. "मंगळवार कू फिर करो. पन इस कू चिमटा नक्को देना हाथ में! इस का हाथ युनियन से ज्यादा ईमानदार है."

ज.रावांनी ही आज्ञा मानून घेतली. परवा मला चिमटा नाही. माझ्याकडे गूळ-मिठाच्या पाण्याची बादली आणि जर्मनचं भांडं. सहन करतो.

१३ एप्रिल, बुधवार

जिंकलो!

आधी हे लिहिलं, आता नीट लिहितो.

काल तीनला दोन्ही पाळ्या आत. ह्या वेळी मिसळून. खंडूच्या मागे कायम माणूस, कायम माणसाच्या मागे पाचोडचं पोरगं. ठोका नाही. भट्टीवरच्या माणसाला टायने हात केला, माल सोड. तो खालूनच ओरडला, "पुढं मानसं थकलीत साहेब, माल सोडू कसा?" पहिली सळई आलीच नाही. रोल नुसते फिरत राहिले, मग तेही बंद केले. मिलमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पत्र्यावर कावळा चालला तर कळत होतं.

मी बादली घेऊन ओळीने फिरत होतो. ह्याला पाणी, त्याला पाणी. एकच भांडं. कोण कायम, कोण कंत्राटी, बघायला वेळ कुणाला? एक म्हातारा चिमटेवाला पाणी पिऊन म्हणाला, "ठोकेसाहेब, गूळ कमी पडला." सगळे हसले. मलाही पहिल्यांदा त्या नावाचं हसू आलं.

मग टायने ज.रावांना ऑफिसात बोलावलं. बराच वेळ आत. बाहेर आले तेव्हा चेहरा गोड आणि पडलेला, दोन्ही. म्हणाले, "मंडळी, साहेब तयार हायेत. बाकडं परत. बदली परत. उद्यापासून. पन... फक्त कायम कामगारांना. कंत्राटवाल्यांचं ठेकेदार बघंल."

एवढंच तर मागत होतो आम्ही महिनाभर! होय म्हटलं की संपलं, मी ३१ मेला ताठ मानेने घरी. खंडू समोर बघत होता, रोलकडे. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एकानेही ठोका मारला नाही. एक चिमटा हलला नाही.

ज.रावांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता भाषण. पण हा बोलका माणूस एक शब्द बोलला नाही. कोट काढला, माझ्या हातात दिला आणि जाऊन खंडूशेजारी उभा राहिला. ज.राव, तुमची सगळी लांब भाषणं मी माफ केली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मालक स्वतः आले. तरुण आहेत, कारभार हातात येऊन फार दिवस झाले नाहीत. सगळीकडे फिरून बघितलं. मग भिंतीपुढे थांबले. "हे कधीचं आहे?"

कुणी पुढे होईना. बादली घेऊन मीच गेलो. म्हटलं, "तुमच्या वडलांनी लिहून घेतलेलं आहे शेठ. एका माणसाचा पाय भाजला होता तेव्हा. आम्ही तेच पाळतोय." 

त्यांनी बोटाने एका अक्षरावरची काजळी पुसली. खाली निळा रंग निघाला, लख्ख. टाय काहीतरी इंग्रजीत सांगत होते. शेठ म्हणाले, "राहू द्या." मग ज.रावांना, "काय लिहून पाहिजे?"

ज.राव: "रोलवर आन भट्टीवर उभ्या हरेक मानसाला अर्ध्या तासानं बदली. हरेक मानसाला, शेठ. कायम-कंत्राटी हा शब्दच नको."

शेठने होकाराची मान हलवली.

आरडाओरडा झाला असेल असं वाटेल. नाही झाला. कारण अजून कुणी जागा सोडू शकत नव्हतं! ठोका कुठे पडला होता? सगळे माझ्याकडे बघायला लागले. खंडूने स्वतःचा चिमटा माझ्यापुढे धरला. "नाना, आता मारा. आता ठरवून मारा."

बादली खाली ठेवली. मारला. खण्ण!

आणि मग ओळीने, शेवटपर्यंत, भट्टीपर्यंत. असा आवाज त्या पत्र्याखाली आजवर झाला नसेल. मग काय, टोप्या उडाल्या, पंचे उडाले, मला उचललं, पाडलं, परत उचललं. ज.रावांचा कोट माझ्याकडेच राहिला. आता आमच्या खुंटीवर आहे.

१९ एप्रिल, मंगळवार

काल सह्या झाल्या, आज बाकडं आलं. स्टोअरपासून रोलांपर्यंत खांद्यावर वाजतगाजत, पुढे डबे बडवत. हाताने ढकलायच्या गाडीवरून आलं असतं, पण गाडीवरून आणायला ते काय पोतं आहे? जाग्यावर ठेवल्यावर प्रश्न, पहिलं कोण बसणार? मी खंडूला धरून बसवलं. तो लाजून चोर झाला, बाकड्याच्या कडेवर टेकला, जणू मोडेल. आजच्या पाळीत त्याला पहिली बदली मिळाली. ठोका माझा.

टायची दुसरीकडे बदली होणार अशी बातमी. म्हणजे साहेबांनाही बदली मिळाली म्हणायची. शेवटी हरेक माणसाला.

२२ एप्रिल, शुक्रवार

सुट्टी. पुंडलिकनगर ते पाचोड, एसटीने, खंडूच्या घरी जेवायला. कुसुमला घेऊन. त्याच्या आईने कुसुमला घोंगडं दिलं, घरच्या लोकरीचं, स्वतः विणलेलं. कुसुम म्हणाली, एवढ्या उन्हाचं? म्हातारी: "ऊन काय, जाईल की. ठिवा." खंडूचं तान्हं बाळ गोड आहे, मुठी बापासारख्या.

१ मे, रविवार

गेटवर झेंडा. लतीफचाचांना रिक्षाने आणलं. दोरी त्यांनी आणि खंडूने मिळून ओढली. चाचा झेंड्याकडे बघत नव्हते, माणसांकडे बघत होते. "इतने तो हमारे टाइम में भी नै थे रे." पाय दुखत असूनही शेवटपर्यंत उभे. बाकडं बाहेर आणू का विचारलं तर रागावले.

युनियनमध्ये कंत्राटी माणसांची नावं सगळी आली. ज.रावांनी आजचं भाषण चक्क आटोपशीर केलं. पुढचं काम सांगितलं: ह्या माणसांना कायम करण्याचा दावा लेबर कोर्टात. वकील बघितलाय. मी अर्ध्या मनाने ऐकलं. पुढचं काम पुढच्यांचं, मी आता महिन्याचा पाहुणा.

१४ मे, शनिवार

दावा दाखल. ठेकेदार चिडलाय. खंडूला म्हणाला, कामावरून काढीन. खंडूने त्याला भिंत दाखवली. भिंतीचा असा उपयोग होईल हे मलाही सुचलं नव्हतं. "मागच्यानं ठोका दिल्याबिगर जागा सोडता येत नाय साहेब," म्हणाला. आणि मागे उभ्या असलेल्या एकाने मारला नाही ठोका. ठेकेदार बघत राहिला, गेला. आज गेला. परत येईल.

२८ मे, शनिवार

शेवटचा आठवडा सकाळपाळी मागून घेतली, उजेडात निरोप घ्यावा म्हणून. लोक भेटायला येतात, पाठीवर थाप मारतात. आमच्याकडे जाणाऱ्याचा समारंभ एवढाच: शेवटच्या दिवशी ज्याने जागा घ्यायची तो ठोका मारतो, माणूस चिमटा त्याच्या हातात देतो आणि मागे न बघता जातो. माझी जागा खंडूला. मीच सांगितलं.

कुसुमने जूनपासूनचे बेत केलेत. गंगापूरला माहेरी थोडे दिवस, मग घराला रंग. "आता डब्याची कटकट नाय," म्हणते.

३१ मे, मंगळवार

तीन वाजता खंडू मागे येऊन उभा राहिला. मी सळया धरत होतो. कान मागे. आता पडेल, आता पडेल. ठोका पडेना.

एक सळई गेली, दुसरी गेली. वळून बघता येत नाही, समोर लाल लोखंड. ओरडलो, "मार की रे!"

नाही. सळई पुढे गेल्यावर क्षणभर आजूबाजूला बघितलं तर सगळे तोंडावर पंचे धरून हसतायत. ज.रावसुद्धा. लतीफचाचा बाकड्यावर काठी धरून बसलेले, हे कधी आले? कट होता सगळ्यांचा!

मग खंडू पुढे आला, माझ्या हातावर हात ठेवून चिमटा धरला. दोघांनी मिळून एक सळई पुढच्या रोलात घातली. कानाशी म्हणाला, "चिमटा मी धरतो नाना. पन ठोका नाय मारनार. आमचा कोर्टाचा निकाल लागू द्या. मग युनियनच्या खोलीवर येऊन मारीन. तवर तुमाला जागा सोडायला परवानगी नाय."

"कंपनीने सोडलं रे मला."

"कंपनीनं सोडलं. आमी कुठं सोडलं?"

बाकड्यावरून चाचा ओरडले, "हौ! बोर्ड पे लिखा है!"

चिमटा त्याच्या हातात राहिला. नारळ, शाल, फुलं घेऊन मी बाहेर आलो, पण गेलो असं वाटलंच नाही. आतून सळयांचा आवाज येत होता आणि मी पाळीत मोजलेला माणूस होतो. असं सुख मला नोकरीत कधी मिळालं नव्हतं.

कोर्टाची तारीख जुलैत पडली आहे. वकील म्हणतो, सांगता येत नाही, वर्षंही लागतात.

घरी येऊन कुसुमला सगळं सांगितलं. तिने शाल घडी करून ठेवली. रंगाचं, माहेराचं काही काढलं नाही. थोड्या वेळाने आतून विचारलं, "मग उद्या डबा किती वाजता करू?"